शेवटच्या रांगेतला हात

फुलशेती सांभाळून संगीत नाटकात गाणाऱ्या सावळीरामांचा एकच हट्ट असायचा, "सूर एक वेळ हलला तरी चालंल, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला पाहिजे." म्हणून नाशिकमधल्या प्रत्येक प्रयोगाला त्यांची बायको नवसाबाई रिकाम्या शेवटच्या रांगेत, दाराच्या दिव्याखाली एकटीच बसायची. शब्द कळला नाही की ती हात वर करायची आणि सावळीराम ती ओळ पुन्हा गायचे. लोकांना वाटायचं, बुवा रंगात आलेत.

रविवारी दुपारच्या प्रयोगात ऐन पदात तिचा हात वर गेला. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. हात पुन्हा वर गेला. या वेळी त्यांनी एकेक अक्षर सुटं करत, सावकाश गायलं. हात हळूहळू खाली आला. टाळ्या पडल्या, सावळीराम सुखावले.

पडदा पडताच ते तोंडावरच्या रंगासकट मागे गेले. "आज लय चुका काढल्या गं तू! शेवटी तरी कळलं ना?"


नवसाबाईच्या दुसऱ्या मुठीत छातीवरचा पदर घट्ट आवळलेला होता, आणि मूठ गार पडली होती.