ओल्या वाळूवर थांबायचं नसतं

"उजवीकडे! अगं तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे!" म्हातारा मुसब्बह सुनेवर ओरडला.

शम्साने स्टिअरिंग उलटं फिरवलं. मागचा ट्रेलर गाढवासारखा आडवा झाला. तिने गाडी पुढे घेतली, पुन्हा रिव्हर्स टाकला. धुकं असं की आरशात ट्रेलरवरची होडी दिसत होती आणि होडीमागचा समुद्र दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता.

अर्ध्या तासापूर्वी तिच्या नवऱ्याचा, हुमैदचा, फोन आला होता. तरंगत्या लाल बोयाच्या पुढे इंजिन बंद पडलंय. होडीत पाणी शिरतंय. जहाजांच्या वाटेवर वाहत चाललोय, त्यांचे भोंगे जवळ येताहेत. मग फोन तुटला तो तुटलाच. तटरक्षकांना कळवलं, तर ते म्हणाले, धुकं विरलं की निघतो. वस्तीतल्या बाकीच्या होड्या सुरमईमागे दक्षिणेला गेलेल्या. उरली म्हाताऱ्याची जुनी होडी, दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडलेली. आणि ती ओढायला शम्साची गाडी, जिच्यातून पोरं शाळेत जातात.

"म्हातारबा, मी येतो ना सोबत," शेजारचा जुमा ट्रेलरच्या बाजूने धावत म्हणाला.

"नको. आत्ता दोघं गेलो तर येताना तिघं होऊ. ही होडी तिघांना पेलायची नाही."

"जाल खरं, पण परत कसे याल? हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत!"

"आधी जाऊ तर दे, बाबा!"

ट्रेलरची चाकं पाण्यात बुडाली. होडी हलली, तरंगली. जुमाने पट्टा सोडला आणि म्हातारा कसाबसा आत चढला. इंजिनाची दोरी एकदा ओढली, दोनदा ओढली. तिसऱ्यांदा ते खोकत सुरू झालं.

आता खरं तर शम्साने त्याच क्षणी गाडी पुढे काढायची. होडी सुटली की थांबायचं नाही. ओली वाळू थांबलेल्याला सोडत नाही. आमच्या किनाऱ्यावर हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, आणि शम्साने तर नवऱ्याची होडी शंभरदा पाण्यात सोडलेली. एकदाही चुकली नव्हती.

आज थांबली. ब्रेकवर पाय ठेवून, मान वळवून, होडी धुक्यात शिरेपर्यंत बघत राहिली. दहा सेकंद असतील फार तर. वेडी कुठली! पण मला सांगा, तिच्या जागी कोण थांबलं नसतं?

मग तिने गाडी पुढे घ्यायला पाय दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला आणि गाडीचं मागचं अंग वाळूत बसलं. मागून एक लाट आली, सायलेन्सरमध्ये शिरली, इंजिन बंद. भरती नुकती सुरू झाली होती.

जुमाने आपली पिकअप आणली, दोर बांधला, ओढलं. गाडी तसूभर हलली नाही, उलट पिकअपच रुतायला लागली. त्याने घाईघाईने दोर सोडला.

"गाडी गेली समज! खड्ड्यात घाल तिला. तू बाहेर ये!"

शम्सा बाहेर आली नाही. तिने हॉर्नवर तळहात ठेवला आणि दाबला. लांब, एकसारखा.

"अगं, कुणाला बोलावतेस? मी इथेच उभा आहे ना!"

"तुम्हाला नाही हो! बाबांना परत यायला दिशा नको?"

जुमा गुडघाभर पाण्यात तिच्या दाराला धरून उभा राहिला.

ती मनात दहा आकडे म्हणायची, हॉर्न दाबायची. पुन्हा दहा आकडे. या अल्लाह, दोघांना आण. पाणी आधी मागच्या सीटवर चढलं. रंगीत खडूंचा डबा तरंगत पुढे आला. मग पाणी तिच्या मांडीवर आलं. वर कोरड्या वाळूत जुमाची बायको शम्साच्या दोन्ही पोरांना धरून उभी होती. धाकट्याला वाटत होतं, आई गंमत करतेय. हॉर्न वाजला की तो टाळ्या पिटायचा. थोरली मात्र समुद्राकडे बघत होती.

तासभर झाला असेल. हॉर्नचा आवाज बसत गेला, घोगरा झाला, आणि मग दाबला तरी वाजेना. शम्साने दोन्ही हातांनी दाबला. मुठी मारल्या. शिव्या दिल्या. आणि मग मोठ्याने रडली.

"शूऽ," जुमा म्हणाला. "ऐक."

इंजिन. एकच, खोकणारं.

ती खिडकीतून बाहेर पडली आणि टपावर चढली. अंगावरचा ओला अबाया पायात अडकत होता. "बाबा! इकडे! बाबा, इकडे!" आवाज चिरकेपर्यंत ओरडत राहिली. इंजिन वळलं, जवळ आलं. धुक्यात होडी अजून दिसत नव्हती.

"बाबा! सापडले का?"

इंजिन मंद झालं.

"बाबा, सांगा ना! सापडले का हो?"

"पोरं किनाऱ्यावर आहेत का?" धुक्यातून म्हाताऱ्याने विचारलं.

"आहेत."

"जुमाला सांग, आधी त्यांना घरी घेऊन जा."