क्योतोतली सायकलफेरी

शांताबाईंच्या नातीला, सीमाच्या पूर्वीला, पहिला दात आला ते साल २००६. त्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी शांताबाई इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या घरी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्यांचा मुलगा मिलिंद जपानमधून बोलत होता. बाबा सकाळपासून सायकल चालवून राहिले, आता जरा थांबलो, असं सांगत होता.

"पडले तर नाहीत ना?"

"नाही, आई. मजेत आहेत. नदीकाठानं निघालो आम्ही. माझ्या पुढे होते ते."

"आणि गाड्या?"

"इथं गाड्या थांबतात सायकलीसाठी. तू नको काळजी करू."

शांताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मिलिंदला कंपनीनं कामासाठी क्योतोला पाठवलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, दादासाहेबांनी, मीही येतो म्हणून हट्टच धरला. एका गावात एवढी बुद्धविहारं, आणि सायकलवर पाहता येतात म्हणे! शांताबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर त्यांना विमानात बसू देईनात. सून अरुणा मुलांना घेऊन नागपूरला माहेरी गेलेली. घरात त्या एकट्याच.

निघायच्या दिवशी दोघांची चांगलीच जुंपली होती.

"सत्तरी उलटली तुमची. परक्या मुलखात सायकलवर बसता?"

"अगं, इंदोऱ्याहून मिलपर्यंत उभा जन्म पायडल मारलं मी. तेही नागपूरच्या उन्हात."

"तेव्हा गुडघे तुमचे होते. आता डॉक्टरचे आहेत."

दादासाहेब पोट धरून हसले. मग शांताबाईंनीच त्यांच्या बॅगेत गुडघ्याचा पट्टा ठेवला आणि "जा" म्हणाल्या. ते "जा" त्यांना तेव्हापासून कुरतडत होतं. काही बरंवाईट झालं तर तो शब्द आपल्याच माथी.

मिलिंदचा फोन ठेवला तसा हाउन्सलोहून सीमाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला.

"आई, मी येते आहे. कार घेऊन निघालेच."

"पूर्वीला आण."

"ती तिच्या बाबाजवळ राहील."

"तान्ह्या लेकराला टाकून कसली येतेस गं?"

"सहज," सीमा म्हणाली आणि फोन बंद झाला.

शांताबाईंनी खिरीसाठी दूध तापत ठेवलं. ते ढवळत होत्या तोच मिलिंदचा पुन्हा फोन. तिकडे एव्हाना अंधार पडला होता.

"सगळं पाहिलं, आई. सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला विहार पाहिला. बाबा तळ्याकाठी सायकल लावून कितीतरी वेळ नुसते उभे होते."

"आणि आता?"

"आता हॉटेलात आलो. शेवयांचा मोठा वाडगा संपवला बाबांनी आणि झोपले. दमले फार."

शांताबाईंचा हात थांबला. दूध उतू गेलं. त्यांनी गॅस बंद केला.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. पौर्णिमेला दादासाहेब पांढरे कपडे घालत, आठ शीलं पाळत. बाराच्या आत जेवायचं. मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्नाचा कण तोंडात नाही. अंगात ताप असताना त्यांनी हे पाळलं. सीमाच्या लग्नाच्या पंगतीत पाळलं आणि व्याह्यांची बोलणी खाल्ली. मिलिंदच्या पौर्णिमा कधीच ध्यानात राहत नसे. पण दादासाहेब विसरायचे नाहीत. पौर्णिमेच्या रात्री शेवया खाणारा माणूस दादासाहेब नव्हता.

शांताबाई भिंतीला टेकल्या. सीमा लेकराला टाकून का निघाली ते त्यांना उमगलं. त्यांच्या माणसांत अशी बातमी एकट्या बाईला फोनवर देत नसत. आधी घरात कोणीतरी पोचवायचं, मग तोंड उघडायचं. नणंदेशी त्यांनी स्वतः असंच केलं होतं. तिचा नवरा गेलेला असताना, "आहेत जरा सीरियस" म्हणत तिच्याच हातचा चहा घशाखाली उतरवला होता.

"आई? ऐकून राहिली ना?" मिलिंदचा आवाज फाटल्यासारखा येत होता.

विचारावं का, की गाडीखाली आले का रे? उतारावर पडले का? शब्द अगदी ओठांवर आले. पण तिकडे पोरगा एकटा होता. परक्या गावात बापाला घेऊन बसला होता आणि आईसाठी गोष्ट रचत होता. सीमा दारात येईपर्यंत त्याला ती गोष्ट सोडता येत नव्हती.

"ऐकून राहिले," त्या म्हणाल्या. "मग? सोन्याच्या विहारानंतर कुठे गेले तुझे बाबा?"

मिलिंद सांगू लागला. पाच मजली पॅगोडा. त्याच्या पुढचा उतार. बाबांनी पाय वर घेतले आणि सायकल सोडून दिली. शाळेच्या पोरी टाळ्या वाजवून हसल्या. मग एक मोठी घंटा.

"वाजवली का त्यांनी?"

"वाजवली. पोटभर वाजवली."

"आणि तू, बाळा? तू काही खाल्लंस का?"

बाहेर सीमाची कार थांबली. शांताबाई फोन तसाच कानाशी धरून गेल्या आणि दार उघडलं. सीमाचे डोळे सुजलेले होते. तिनं पुढे होऊन आईचा दंड धरला.

"पोचली ती," शांताबाई फोनमध्ये म्हणाल्या. "आता सांग."

दादासाहेब शनिवार, १३ मे २००६ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या पहाटे, क्योतोच्या हॉटेलात झोपेतच गेले. सायकलवर ते बसलेच नव्हते.