खालचा थर

“हे वरचं झालं, मॅडम. आता खालचा थर दाखवा.”

गुणवंताने असं म्हटलं आणि मॅडमचं बोट पुस्तिकेवर होतं तिथेच थांबलं. बोटाखाली चौघं जण गणवेशात हसत उभे होते, मागे पांढरंशुभ्र विमान. शेजारच्या खुर्चीवर दामिनीने मान खाली घातली. आपले बाबा आता काय बोलणार हे तिला पाठ होतं.

नागपूरच्या एका कॉलेजची माणसं पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयात टेबल मांडून बसली होती. विमानसेवेची डिग्री, तीन वर्षं, फी साडेचार लाख, राहणं-खाणं वेगळं. आज नाव घातलं तर सवलत. दामिनीने महिनाभर घरात एकच धोशा लावला होता. गुणवंता नाही म्हणायलाच आला होता, पण पोरीच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती लेक ती. तिने आंबट संत्र्याला गोड म्हटलं तरी हा माणूस मान डोलवायचा. तेव्हा नकार कॉलेजच्याच तोंडून यावा, अशी त्याने युक्ती काढली होती.

युक्ती धंद्यातली होती. तिगावला गुणवंताचा संत्र्याचा बगीचा, आणि तीस वर्षं पेट्या भरण्यात गेलेली. मोठी, एकसारखी, रंगावर आलेली फळं वरच्या थराला लावायची. बारीक आणि डागी खाली जायची. सगळेच तसं करतात, गुणवंताही करायचा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. म्हणून मुरलेला व्यापारी वरच्या फळाकडे बघतही नाही, सरळ पेटीच्या तळाशी हात घालतो. आणि तळ पाहून ज्याने माल घेतला, तो मागाहून कुरकुरत नाही.

“म्हणजे नक्की काय हवंय काका तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“या पुस्तकात जिचा फोटो नाई, अशा एखाद्या पोरीले फोन लावा. आमच्या भागातली असन तर बेसच.”

मॅडम जरा घुटमळल्या. पण बाई खोटी नव्हती. मोबाइलमध्ये शोधून त्यांनी एक नंबर काढला. अमिता, रामाकोन्याची, तीन वर्षांपूर्वी पास झालेली. त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

“पोरी, दामिनीचा बाप बोलून राहिलो, तिगावचा,” गुणवंता फोनवर वाकून म्हणाला. “ॲडमिशन घ्याची हाये. खरं सांगजो, किती भेटते तुले?”

अमिताने खरंच सांगितलं. पहिले आठ महिने काहीच नाही. मग विमानतळाच्या काउंटरवर चौदा हजार, भल्या पहाटेची ड्युटी, उभं राहून राहून पाय सुजायचे. आता बावीस. विमान उडवणं सोडा, अजून त्यात बसलीही नव्हती.

गुणवंता खुर्चीत सैल होऊन मागे टेकला. काम फत्ते झालं होतं. आता घरी जाताना पोरीला गरम कचोरी खाऊ घालायची, समजूत काढायची, बस.

“पण काका,” फोनमधून आवाज आला, “हे सारं मी दामिनीले सांगतलं ना! दोन डाव फोन केला होता तिनं मले. माह्यासारख्या आणखी सात-आठ जणींले केला. मी म्हटलं, बाई, चार-पाच वर्षं काई हाती लागत नाई. तर म्हणे, चालते. आमचं संत्र्याचं झाड बी पाचव्या वर्षीच फळते.”

फोन बंद झाला.  झाडाचं ते वाक्य गुणवंताचंच होतं. सात वर्षांची दामिनी नव्या कलमांना तांब्याने पाणी घालायची आणि रोज विचारायची, फळ केव्हा येईल? तेव्हा त्यानेच तिला ते सांगितलं होतं.  मग त्याला राग आला.

“मंग घरी काहून नाई सांगतलं? मले तर महिनाभर नुसतं विमानच दाखवून राहिली होती!”

“बाबा,” दामिनी हळूच म्हणाली, “पेटी भरणं तुमच्यापाशीच शिकली ना मी.”

मॅडमनी हसू लपवायला पाण्याची बाटली तोंडाला लावली. गुणवंताला मात्र हसू आवरलं नाही. खाण तशी माती, दुसरं काय! हसता हसता त्याने टोपी काढून डोळे पुसले, फॉर्म आपल्याकडे ओढला आणि पेन मागितलं.

“मला वाटलं, तुम्ही नाही म्हणायला आलात,” मॅडम म्हणाल्या.

“हाव, त्याच्यासाठीच आलो होतो. मले वाटलं, पोट्टी वरच्या थराले भुलली. हिनं तर तळापर्यंत हात घालून माल पारखला.” सही करता करता त्याने लेकीकडे पाहिलं. “माह्या पोरीलेच मी अठरा वर्षं वरून पाहून राहिलो होतो.”