दुसरं बटण

पक्षाघाताने ह्यांची वाचा गेली, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी चालतात. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाच्या उशाशी मी त्यांचाच सिग्नल जनरेटर, रेडिओ तपासायला लहरी सोडणारं यंत्र, ठेवला. पहिलं बटण दाबून धरलं की स्वयंपाकघरात स्टेशनाविना चालू ठेवलेल्या रेडिओची खरखर थांबते. त्यासोबत दुसरं, लहरीवर आवाज चढवणारं मॉड्युलेशनचं, दाबलं की शिट्टी वाजते आणि मी धावते. पाणी हवं, शिट्टी. उशी सरकली, शिट्टी. आज माझं तोंड सुटलं. “जीव नकोसा केलात! पुन्हा शिट्टी वाजली तर बघा!” तासभर बहिणीकडे जायला चपला घातल्या, कुलूप घेतलं आणि खरखर थांबली. आता शिट्टी येणार म्हणून दातओठ खात उभी राहिले. शिट्टी आली नाही. खरखरही परतली नाही. आत डोकावले, तर पहिलं बटण दाबून, दुसऱ्यावर नुसतं बोट टेकवून ते पडले होते, मला भिऊन. कुलूप आपटून मी ओरडले, “अहो, दाबा ना एकदाचं!”