काल नसलेली काठी

"रिमोटला हात लावू नकोस, केतकी. वाट आखून दिलीय, आपोआप जातोय तो," दादा ऐटीत म्हणाला. एक बटण दाबताच ड्रोन देवळासमोरून सरळ वर उडाला होता आणि काल ठरवलेल्या वाटेनं एकेक टप्पा घेत निघाला होता.

केतकीची नजर मात्र पुढच्या टप्प्यावर खिळली. काल वाट आखताना मैदान मोकळं होतं. आज तिथं जत्रेची सासनकाठी नाचत होती. झाडाएवढा उंच, रंगीत कापडानं मढवलेला बांबू! चौघांनी त्याचे दोर ताणून धरले होते आणि खाली, दाटलेल्या गर्दीत, तिचे आबा छातीशी त्याचा भार तोलत होते.

"दादा, ही काठी काल नव्हती!"

दादा पांढराफटक पडला. तो भलतीच बटणं चाचपू लागला. केतकीनं रिमोट हिसकावला आणि थांबायचं बटण दाबलं. काठीच्या शेंड्यापासून हातभर अंतरावर ड्रोन जागच्या जागी घरघरत राहिला.

तेवढ्यात आबांनी वर पाहिलं. ते खुलले आणि दोन्ही हातांनी त्यांनी काठी आणखी उंच उचलली. केतकीनं जीव मुठीत धरून ड्रोन वर रेटला. काठीचं कापड त्याच्या खालून फडफडत गेलं.

संध्याकाळी आबा ड्रोननं टिपलेला व्हिडिओ घरभर दाखवत होते. "बघा, माझ्यासाठी थांबला होता!"

दादानं मान खाली घातली. "तुमच्यासाठीच, आबा."