दोन मिनिटं

"सगळा डबा घेऊन जा," नीलिमाबाई म्हणाल्या. "जागा अडून राहिलीय."

मीरा रोडच्या शांती नगरमधल्या त्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या. पंढरीनाथांना जाऊन वर्ष झालं होतं. जागा अडायला दुसरं काही नव्हतं.

ममता जुन्या मुंबईच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. तिने डब्यातल्या एका पाकिटातून निगेटिव्हची एक पट्टी काढून खालून उजेड देणाऱ्या लाइट-बॉक्सवर ठेवली आणि फोनवर तिचे काळे-पांढरे रंग उलटे करून पाहिले. ओले रस्ते, बंद दुकानं, दिव्यांच्या रांगा. माणूस एकही नाही.

"काकांना माणसांची ॲलर्जी होती का हो?"

"माणसांची माहीत नाही. घरातल्या माणसाची असेल."

गिरगावात असताना पंढरीनाथ दर शनिवारी रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडत. नीलिमाबाई गॅलरीच्या कठड्याला टेकून नाक्याकडे बघत उभ्या राहत. जिन्यावर पाऊल वाजलं की आत येऊन पांघरूण ओढून घेत. पंढरीनाथ चपला हातात घेऊन अलगद आत येत. वीस वर्षांत त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. नीलिमाबाईंनीही सांगितलं नाही. मग ते मीरा रोडला राहायला आले आणि कॅमेरा कपाटात गेला.

"काकू, हे रस्ते रिकामे नव्हते," ममता म्हणाली. "काका कॅमेऱ्याचं शटर एक-दोन मिनिटं उघडं ठेवायचे. एवढ्या वेळात चालणारा माणूस फिल्मवर उमटतच नाही. उभा राहील तोच उमटतो."

"असं होय," नीलिमाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

"एक मिनिट. ह्या कोण?"

पाकिटातली ती शेवटची चौकट होती. समोरच्या फुटपाथवरून काढलेली चाळ. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकलेली एक बाई. कडा जराशा पुसट, एवढंच. तोंड नाक्याकडे. कॅमेरा होता तो विरुद्ध बाजूला.

ममताने दुसरं पाकीट उघडलं. शेवटची चौकट तीच. तिसऱ्यात बाईच्या खांद्यावर शाल होती. चौथ्यात पोट पुढे आलेलं होतं.

नीलिमाबाई परत खाली बसल्या. प्रत्येक पाकिटावर पंढरीनाथांच्या बारीक अक्षरात प्रत्येक फोटोची नोंद होती: जागा, वेळ, शटर. त्या नोंदी वाचायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळी वाचू लागल्या.

चौथ्या पाकिटानंतर ममताने विचारलं, "डबा नेऊ ना काकू?"

 नीलिमाबाईंनी पाचवं पाकीट उजेडात धरलं. त्यावरही तेच होतं.

"घर. पावणेदोन. दोन मिनिटं. जागी आहे."