शुभेच्छुक

लेकीला दहावीला ब्याऐंशी टक्के पडले, म्हणून हरेश कळवा नाक्यावर लावायचा फ्लेक्स बनवून घेत होता. “वहिनीपण रात्रशाळेतून पास झाल्या ना? त्यांचा फोटो?” फ्लेक्सवाल्यानं विचारलं. हरेशच्या पोटात दुखलं. सकाळपासून सगळी आळी बायकोलाच पेढे भरवत होती. लग्न ठरताना त्यानं आपण दहावी पास असल्याचं सांगितलेलं. खरंतर तो नववीतच गणितात उडालेला. “जागा कुठाय?” म्हणत त्यानं शुभेच्छुक म्हणून स्वतःचाच गॉगलवाला फोटो लेकीपेक्षा मोठा लावून घेतला. संध्याकाळी बायकोनं फ्लेक्सखाली उभं राहून तो मोठ्यानं वाचला. आता ही भांडणार, म्हणून हरेश तयारीतच होता. पण तिनं पर्समधून त्याचाच शाळा सोडल्याचा दाखला काढला, नववी नापासचा. “बाहेरून दहावीला बसायला हा लागतो,” ती म्हणाली. “गणित मी शिकवीन. माझा फोटो पुढच्या वर्षी लावा, शुभेच्छुक म्हणून.”